रायाजी खळदकर यांच्या चार मुजऱ्यांची बखर

श्री. तळ नसलेल्या टोपलीस नमन असो. ती कधी भरत नाही म्हणोन पुरुषार्थासही अंत नाही, हे जाणोन लेखणी धरिली असे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, कार्तिक मास, दिवाळीच्या पणत्या विझोन अंगणांत करपल्या वातींचा वास राहिला होता, ते समयी आठ राज्यांच्या मंडळाने बास्केटबॉलच्या मोहिमेचे निशाण उभारिले, आणि चहूकडे वर्तमान धाडिले की, फाल्गुन सरेतो प्रत्येक राज्याने प्रत्येकाशी दोन युद्धे करावी, एक आपुले घरी व एक शत्रूचे घरी, आणि अखेरीस जे राज्य सर्वांखाली राहील त्याने मुकाट दुय्यम मंडळात उतरावे, जेथे पट लाकडाचा नसोन सिमेंटाचा, आणि युद्ध पाहावयास माणसांपेक्षा कबुतरे अधिक. ज्या राज्याची ही हकीकत त्याचे नाव लिहीत नाही. ज्यास ठाऊक त्यास सांगणे नलगे, आणि ज्यास ठाऊक नाही तो सांगितल्याने काही तिकीट काढणार नाही. इतुकेच लिहितो की राज्य पठारावरचे, वारा फार, पाणी बेताचे, मान मात्र उंच. मोहिमेपूर्वी श्रीमंतांनी, म्हणजे संघाचे धनी यांनी, ज्योतिषी बोलाविला आणि पुसिले, "यश केव्हा?" ज्योतिषी पंचांग उलटोन बोलिला, "महाराज, जे करणे ते पाडव्याआधी करावे. पुढील संवत्सराचे नाव पराभव आहे." श्रीमंत हसले, परंतु त्या दिवशी त्यांनी जेवणात भात घेतला नाही.

आता या युद्धाची रीत ऐकावी. पटाच्या दोन्ही टोकांस साडेसहा हात उंचीवर लोखंडी कडे टांगितलेले, कड्यास जाळे, जाळ्यास बूड नाही. दोहींकडील पाच पाच वीर, शस्त्र एकच, ते म्हणजे चेंडू, आणि ते एकच शस्त्र दहाजणांत, यावरोन कलहाचे मूळ कळावे. चेंडू हाती येताच एका पळाचे आत तो कड्याकडे टाकावा लागतो. जुन्या लोकांचे पळ म्हणजे आजचे बरोबर चोवीस सेकंद, आणि दूरदेशीच्या नियमकर्त्यांनीही नेमके तितुकेच ठरविले, हे पाहोन पठारावरील विद्वान मिशीत हसतात. पळ सरले की भोंगा होतो आणि शस्त्र शत्रूस जाते. मारणे, ढकलणे, धरणे हा अपराध. अपराध झाला तर ज्यावर झाला त्याने एका रेषेवर एकटे उभे राहोन, कोणी आडवे न येता, कड्यावर नेम धरावा. त्यास फ्री थ्रो म्हणतात. राज्यात त्यास मोकळा नेम म्हणत. नाव मोकळा, परंतु त्याइतुके बांधलेले स्थळ पृथ्वीवर दुसरे नाही. धावत असता माणूस दहांतील एक असतो आणि त्या रेषेवर तो आपुला आपण असतो. भोवती हजारो तोंडे, समोर ते एक वाटोळे, त्यातोन पलीकडचे काहीच दिसत नाही.

त्या रेषेचा धनी म्हणजे राज्याचा कर्णधार रायाजी खळदकर. वय छत्तिशीच्या पुढे, उंची मध्यम, गुडघे दोन्ही शिवलेले, चाल किंचित तिरपी, ऐशी की लांबोन येता दाराआडोन कोणी पाहात आहे ऐसे वाटावे. बारा वर्षांमागे नवखा असता त्यास पहिला मोकळा नेम मिळाला, आणि त्याने चेंडू डाव्या काखेत दाबोन उजव्या हाताने चारी दिशांस चार मुजरे केले: पहिला ग्रामदेवतेस, दुसरा गादीस, तिसरा शत्रूस, चौथा प्रजेस. मग नेम धरिला आणि जाळे हालले. प्रजा वेडी जाहली. तेव्हापासोन राज्याचा प्रत्येक शिलेदार मोकळ्या नेमाआधी चार मुजरे करी, पोरेसोरे गल्लीत करीत, लग्नात नवरदेव अक्षतांआधी करीत, आणि रायाजीचे बोल सरावाच्या दिवाणखान्यात भिंतीवर ठळक रंगविले होते, ते असे: "शस्त्र हाती असता वाकतो तो वीर. शस्त्र नसता वाकतो तो कैदी." इतर सात राज्ये थट्टा करीत, परंतु त्या थट्टेत हेवा होता, कारण त्यांजकडे थट्टा करण्याजोगेही काही नव्हते.

ऐसे असता या साली मंडळाने पंचांस ताकीद केली की, मोकळ्या नेमाचे समयी चेंडू हाती दिल्यापासोन पाच अंक मोजावे, पाचांचे आत चेंडू न सुटला तर नेम बाद. नियम जुना होता, परंतु आजवर पंच त्याकडे डोळेझाक करीत, जैसे शेजारी जावयाच्या घोरण्याकडे करितात. पहिलेच युद्ध आपुले घरी, राज्य एका गुणाने मागे, आणि रायाजीस दोन नेम मिळाले. रायाजीने देवास मुजरा केला, गादीस केला, शत्रूस केला, आणि प्रजेकडे वळोन वाकला तोच शिट्टी जाहली. रायाजीस वाटले कोणी खोडसाळपणा केला. पंच म्हणाले, "पाच झाले, कर्णधार." रायाजी म्हणाला, "माझे तर तीनच झाले." पंच म्हणाले, "मी मुजरे मोजीत नाही." दुसऱ्या नेमासही तैसेच जाहले, कारण एकदा लागलेले वळण कंबरेस असते, अकलेस नसते. युद्ध गेले. पुढचेही गेले. त्यापुढचे जिंकिले, परंतु ते अशासाठी की शत्रूने अपराधच केला नाही, म्हणोन मोकळा नेम मिळाला नाही. ऐसा विजय सांगताही येईना.

मग सेनाकर्त्या द्वारकाबाई ताटके यांनी उपाय योजिले. बाई स्वतः तरुणपणी नामांकित नेमबाज, आवाज असा की शिट्टी घेतली तरी ती गळ्यात केवळ शोभेस. त्यांनी फर्माविले की मुजरे वेगाने करावे. मग सबंध आठवडा सरावात घाईचे मुजरे जाहले, आणि जे दृश्य जाहले ते लिहावयास शब्द थोडे. शिलेदार भोवऱ्यासारखे फिरत, एकाची मान धरिली, एक गादी समजोन पाण्याच्या पिंपास मुजरा करोन बसला. राज्यात योनास नामे एक परदेशी वीर होता, लिथुआनिया या थंड मुलुखीचा, उंचीस सात फुटांस दोन बोटे कमी, त्यास सर्वांनी योनाजी म्हणोन आपलेसे केले होते आणि तो मराठी रायाजीपासोन शिकला होता, म्हणोन ती दरबारी होती. तो वाकला की बाई म्हणत, "हा परत सरळ होईतो पंच जेवोन येईल." योनाजी वाकलेल्या स्थितीतोन म्हणे, "आज्ञा, बाईसाहेब. मस्तक खाली आहे, जग उलटे आहे, क्षमा असावी." रायाजीने तर सर्वांत वेगाने चार गिरक्या घेतल्या, डोळ्यांपुढे दोन कडी दिसू लागली, त्यांतील जे खोटे त्यावर नेम धरिला, आणि चेंडू जाऊन श्रीमंतांच्या हातातील चहाच्या पेल्यावर आदळला. श्रीमंतांनी अंगरखा झटकिला आणि म्हणाले, "नेम उत्तम. दिशा तेवढी पाहावी."

त्यावरी दरबार भरला. दरबार म्हणजे सरावाच्या दिवाणखान्यातील लांब बाक. मध्यें श्रीमंत, उजवीकडे बाई, समोर शिलेदार जमिनीवर, योनाजी दोन माणसांची जागा धरोन. श्रीमंत म्हणाले, "एक मुजरा कमी करावा, म्हणजे वेळेत बसेल. कोणता, ते ठरवा." एकजण म्हणाला, देवाचा कमी करणे नाही, रस्त्यात अपघात होतो. सर्वांस पटले. मग गादीचा, ऐसे कोणी हळूच म्हणाले. श्रीमंतांचा चेहरा असा उतरला की बोलणारा खोकल्याचे निमित्त करोन बाहेर गेला. प्रजेचा म्हणावा तर आसने भरतात ती प्रजेनेच. बाई म्हणाल्या, "मग शत्रूचा काढा! ज्यास हरवावयाचे त्यास वाकावयाचे कशास?" तेव्हा रायाजी उभा राहिला आणि म्हणाला, "बाईसाहेब, शत्रू आला नाही तर खेळावे कोणाशी? त्याने समोर उभे राहावे म्हणोन तर मी वीर. त्याचा मुजरा गेला तर बाकीचे तीन नुसते नमस्कार." योनाजी म्हणाला, "आज्ञा." त्याचे अनुमोदन सर्वांस मोलाचे वाटले, कारण तो सर्वांहून उंच होता.

मग द्वारकाबाईंनी कपाळास हात लाविला आणि जे बोलिल्या ते सर्वांच्या पुढ्यात होते, परंतु कोणाच्या ध्यानी आले नव्हते. "अरे रायबा, पंच चेंडू हाती देतो तेव्हापासोन मोजतो. त्याआधी तो चेंडू घेवोन उभा असतो. आपली माणसे जागा धरितात, त्यांची धरितात, कोणी घाम पुसतो, कोणी बुटाची नाडी बांधतो. तेवढ्यात चार काय, गावच्या सगळ्या देवळांस मुजरे होतील. आधी मुजरे कर, मग चेंडू घे. झाले!" दरबार स्तब्ध जाहला. सोपी गोष्ट एकाएकी समोर आली की माणसे ऐशीच स्तब्ध होतात, जैसे हरवलेला चष्मा कपाळावर सापडावा. सर्वांनी रायाजीकडे पाहिले. रायाजीचे मुख पांढरे पडले होते. तो म्हणाला, "रिकाम्या हाताने?" बाई म्हणाल्या, "हो, रिकाम्या हाताने. हातास काय काटे लागतात?" रायाजीने भिंतीकडे बोट केले, जेथे त्याचेच बोल रंगविले होते, आणि म्हणाला, "बाई, शस्त्र टाकोन वाकणे म्हणजे शरण जाणे. बारा वर्षे पोरांस हेच शिकविले. शत्रूच्या पंचाहाती चेंडू आणि मी खाली वाकलेला, हे चित्र मजकडोन होणे नाही." श्रीमंतांनी मांडीवर थाप मारिली, "खरे आहे. कैद्याचा मुजरा या राज्यात होणे नाही." बाई उठल्या आणि म्हणाल्या, "बहुत बरे. मग ऐकून ठेव. शेवटच्या घटकेस तू पटावर नसशील, बाकावर असशील. आणि बाकीच्यांनी मुजरा करावयाचाच नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. राज्य दुय्यम मंडळात गेले तर तेथे कबुतरांस मुजरे करा चार चार."

येथोन रायाजीचे दिवस कठीण आले. हे त्याचे शेवटचे साल, गुडघ्यांनी तैसे केव्हाच लिहोन दिले होते, आणि त्याची इच्छा एकच होती की, अखेरच्या मोहिमेत अखेरच्या घटकेस आपण पटावर असावे आणि आपुल्या रीतीने असावे; आता पट हवा तर रीत सोडावी आणि रीत हवी तर पट सोडावा, ऐसा पेच पडिला. तो बाकावर बसे, खांद्यावर पंचा, आणि मोकळ्या नेमास आपुले शिलेदार उभे राहात ते पाही. मुजरा नसल्याने त्यांस हातांचे काय करावे हेच कळेना. कोणी नाक पुसी, कोणी कारणावाचोन मागे पाही, आणि चेंडू कड्याच्या कानास लागोन परते. बारा वर्षांची सवय निघाली तेथे भोक राहिले, आणि भोकातोन नेम गळो लागला. बाकावरोन दिसणारा पट निराळा असतो. तेथोन खेळ पाण्याखाली चालल्यासारखा दिसतो, आवाज उशिरा येतात, आणि आपुले नाव कोणी घेत आहे ऐसा भास वारंवार होतो. एकदा योनाजी दोन नेम चुकवोन परत आला आणि त्याच्या शेजारी बसोन म्हणाला, "रायाजीबुवा, माझे हात अनाथ आहेत." रायाजीने त्याच्या पाठीवर थाप मारिली. मार्गशीर्ष ऐसाच गेला, मोहीम अर्ध्यावर आली, आणि राज्य आठांत आठवे जाहले. बाजारात मुले गल्लीतील खेळात आता शत्रूच्या राज्यांची नावे घेऊ लागली, आणि हे रायाजीने भाजी घेता घेता ऐकिले, आणि मेथी तेथेच विसरोन घरी आला.

पौष मासी बंदरच्या राज्यावर स्वारी निघाली. बंदरचे राज्य मोहिमेत अव्वल, मुलूख खाऱ्या वाऱ्याचा, दिवाणखाना भला थोरला, लोक उत्सवी आणि जिभेचे तिखट. त्यांचा कर्णधार धर्माजी मयेकर, रायाजीच्याच वयाचा, वर्षानुवर्षांचा वैरी; दोघांच्या अंगावरील निम्मे व्रण एकमेकांचे. युद्धापूर्वी हस्तांदोलनास धर्माजी म्हणाला, "काय रायाजीबुवा, बाकास उबारा बरा आहे ना?" रायाजी म्हणाला, "उत्तम. तुमच्यासाठी अर्धा राखोन ठेविला आहे." दोघेही हसले. मग भोंगा जाहला आणि युद्धास तोंड लागले. काय वर्णावे! बंदरकरांनी भरतीसारखा हल्ला केला आणि पठारकरांनी खडकासारखा सोसला. चेंडू हातोहात विजेसारखा फिरो लागला, लाकडावर बुटांचे चीत्कार, घामाचे शिंतोडे, कड्याखाली योनाजी एकटा चौघांस भारी, जैसा देवळाचा खांब चालो लागावा. पहिला डाव बंदरचा, दुसरा बरोबरीचा, तिसरा पठारचा, आणि वरच्या कोपऱ्यात पठाराहून आलेली पन्नासएक माणसे होती ती घसा फाडोन ओरडत होती आणि श्रीमंत त्यांत बसोन, पदाचे भान विसरोन, पंचांस नावे ठेवीत होते. चौथ्या डावाच्या अखेरीस योनाजीच्या हातोन पाचवा अपराध घडला, आणि पाच अपराध जाहले त्याने पट सोडावा ऐसा नियम. योनाजी पंचांपुढे लवोन म्हणाला, "आज्ञा," आणि डोळे पुशीत बाकावर आला. बंदरकरांनी त्या अपराधाचे नेम साधिले; आता राज्य एक गुण मागे, वेळ एखाद्या उचकीइतुका, चेंडू आपुला.

द्वारकाबाईंनी बाकावरोन दृष्टी फिरविली. जे होते ते थकले होते अथवा कोवळे होते. त्या रायाजीपुढे येवोन थांबल्या आणि म्हणाल्या, "रायबा, ऊठ." रायाजी म्हणाला, "बाईसाहेब, मुजरा?" बाई म्हणाल्या, "तुझा मुजरा तुझ्यापाशी, मी त्यात पडत नाही. मला दोन पाय हवेत, बरे नसले तरी चालतील. आणि तुझे डोके, ते बरे असेल तर उपकार." रायाजीने पंचा काढिला आणि पटावर गेला. चेंडू त्याजकडे आला. त्याने डावीकडे जाण्याचा देखावा केला, त्याच्या तिरप्या चालीने तो खराच वाटला, आणि मग उजवीकडोन कड्याखाली शिरला. धर्माजी वळला, उशीर जाहला, उडाला, आणि दोघे हवेत आपटले. शिट्टी जाहली. अपराध धर्माजीचा, नेम दोन, आणि घड्याळात उरलेला वेळ एक उसासा. रायाजी पाठीवर पडला होता. छतावरील दिवे त्याच्या डोळ्यांत पांढऱ्या फुलांसारखे उमलत मिटत होते, आणि त्यास वाटले की ऐसेच पडोन राहावे, कोणी काही विचारो नये, देवाने नाही आणि बाईंनीही नाही.

तेव्हा त्या पांढऱ्या उजेडातोन एक हात खाली आला. धर्माजीचा हात. नखे तुटलेली, करंगळी जुन्या मोडीने वाकडी, आणि ती मोड रायाजीचीच करणी होती. "उठा बुवा," धर्माजी म्हणाला, "लाकूड थंड आहे. या वयात पाठ धरली की पाडव्यापर्यंत सोडत नाही." रायाजीने तो हात धरिला आणि उठला. आणि उठता उठता त्याने त्या हाताकडे पाहिले. हात रिकामा होता. रिकामा होता म्हणोनच खाली आला होता. चेंडू असता तर येता ना, कारण शस्त्र धरलेल्या हाताने कोणास उठविता येत नाही. धर्माजी लवला होता, पुरता कमरेतोन लवला होता, शत्रूपुढे, आपुल्या प्रजेदेखत, हातात काही नसता. आणि कैदी मात्र दिसत नव्हता. दिसत होता तो यजमान. बारा वर्षे भिंतीवर जे रंगविले होते ते रायाजीच्या मनात एकदा हालले, आणि मग पोपडा पडावा तैसे पडले.

पंच चेंडू काखेत घेवोन उभे होते. दोहींकडील वीर रेषांवर जागा धरीत होते, एकजण पटावरील घाम पुशीत होता. रायाजी नेमाच्या रेषेवर आला. दोन्ही हात रिकामे, घामाने ओले होते. तो देवाच्या दिशेस वाकला. दिवाणखान्यात प्रथम कोणास उमगले नाही. मग तो गादीकडे वळला, वरच्या कोपऱ्यातील श्रीमंतांकडे, आणि वाकला. श्रीमंत उभे राहिले, आणि त्यांचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. आता बंदरकरांस उमगले, आणि एका टोकाकडोन आरोळी उठली, "शरण आला! शरण आला!" आणि ती लाटेसारखी फिरली, हजारो लोक टाळीच्या ठेक्यावर ओरडू लागले, "शरण! शरण!" ज्या शब्दास रायाजी बारा वर्षे भ्याला तो शब्द आता चहूकडोन त्यावर पडत होता, आणि त्यास कळोन आले की तो शब्द पावसासारखाच आहे, भिजविण्यापलीकडे काही करीत नाही. तिसरा मुजरा धर्माजीस. धर्माजी कड्याखाली वाकडी करंगळी चोळीत उभा होता. त्याने मान थोडकी लवविली, त्याच्या प्रजेस दिसणार नाही ऐशी. चौथा प्रजेस; आणि प्रजा तेथे होती ती बंदरची. रायाजी तिजकडे वळला, जी त्यास शिव्या देत होती, आणि तिजपुढे सर्वांहून खाली वाकला, इतुका की उजव्या हाताची बोटे लाकडास लागली आणि गुडघ्यात कट्‌ ऐसा आवाज जाहला. आरोळी मध्येच अडखळली. कोणी आपणांस इतुके वाकले तर त्यास शिवी द्यावी की मुजरा परतावा, हे हजारो लोकांस एकाच वेळी ठरविता येईना. पहिल्या रांगेत एक लठ्ठ कोळीण बसली होती, मघापासोन सर्वांत तिखट तिची जीभ, ती म्हणाली, "अगो बाय, ह्यो तर मानाचा मानूस निघाला!" आणि मग, बंदरची अब्रू आठवोन, सर्वांत मोठ्याने तीच ओरडली, "चुकव रं, मेल्या!"

पंचांनी चेंडू दिला. रायाजीने दोन अंकांत नेम धरिला आणि सोडिला, आणि जाळे हालले. बरोबरी जाहली. पंच चेंडू परत आणीत तेवढ्यात त्याने पुन्हा चार मुजरे केले, आता घाई नाही, आणि या खेपेस "शरण" म्हणणारे थोडके होते. दुसरा चेंडू गेला तो कड्यास शिवलाच नाही. नुसता जाळ्याचा उसासा ऐकू आला, आणि तो पठाराहून आलेल्या पन्नासांनी असा उचलिला की बंदरच्या छपरावरील पारवे उडाले. बंदरकरांनी अखेरची फेक अर्ध्या पटावरोन केली, ती कड्यास लागोन बाहेर पडली, आणि भोंगा जाहला. युद्ध पठारचे.

कपडे बदलण्याच्या दालनात श्रीमंत आले. सर्व शिलेदार उड्या मारीत होते ते थांबले. श्रीमंतांनी रायाजीकडे पाहिले आणि म्हणाले, "रायाजी, रिकाम्या हाताने वाकलास. शरण गेलास की काय?" रायाजी बाकावर बसला होता, दोन्ही गुडघ्यांवर बर्फ, डोळ्यांत पाणी. तो म्हणाला, "होय महाराज." श्रीमंतांनी पुसिले, "कोणास?" रायाजी म्हणाला, "चौघांसही." श्रीमंतांनी डोळ्यांत कचरा गेल्याचा बहाणा केला. तेव्हा द्वारकाबाई दारातोन म्हणाल्या, "शरण गेला आणि शत्रूचे घर लुटोन आला. ऐशी शरणागती दर आठवड्यास करीत जा, रायबा. आणि शेवटच्या घटकेस तू पटावर, हे पक्के. आता बर्फ नीट धर, पाणी गळते आहे." योनाजी भिंतीस टेकोन रडत होता, त्यास कोणी कारण पुसिले तेव्हा म्हणाला, "आज्ञा."

तात्पर्य. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष अखेर, मोहीम अद्याप चालू असे. बंदरची स्वारी यशस्वी जाहली, त्यामागोमाग आणिक दोन युद्धे जिंकिली, आणि राज्य आठवे होते ते सहावे जाहले. पुढे चढेल की उतरेल हे सांगण्याचा अधिकार लेखणीस नाही, तो त्या तळ नसलेल्या कड्यास आहे. दिवाणखान्यातील भिंतीवरचे बोल रायाजीने आपुल्या हाताने चुन्याने झाकिले. नवे काय रंगवावे, ऐसे शिलेदारांनी पुसिले, तो म्हणाला, काही नको, भिंत भिंतीसारखी बरी दिसते. पंचांचे पाच अंक आता पठारकरांस पुरतात आणि उरतात. आणि मोकळ्या नेमाचे समयी राज्यातील लहानथोर ज्या अभिमानाने उभे राहोन पाहतात तो ऐसा की, आमचा कर्णधार हाती काही नसता वाकतो, आणि त्याच्याइतुका ताठ माणूस आठ राज्यांत दुसरा नाही. लेखन समाप्त; पट पुसोन ठेविला असे.